घरी कोण

चल्लकेरे, जि. चित्रदुर्ग
बुधवार, १२ जून २००२

नंदे,

वर आशीर्वाद लिहायची जागा मोकळी सोडली हाय. द्यायचे का न्हाई ते अजून ठरलं न्हाई.

अक्षर ओळखलंस का? सातवीत शाळा सुटली तिथंच ते थांबलंय. तुझ्या बाजूनं बघितलं तर हे मेलेल्या माणसाचं पत्र हाय, म्हणून एकदम भिऊ नको, बसून वाच.

रविवारी गावात माणिकप्पाच्या एसटीडीवर फोन लावला होता. घरचं कोणी बोलवायला न्हाई, सहज. माझा आवाज ऐकला तर तो वरडलाच, "शरण्या! जिता हाईस व्हय रे? अरं तुझ्या बहिणीनं बारावीत गाव गाजवलं, अन् तू कुठं बिळात घुसलास?" मी म्हणलं, बिळातच हाय, बोअरच्या गाडीवर कामाला हाय. किती मार्क पडले ते त्याला सांगता येईना. "मला ते पीसीबी-बिसीबी कळत न्हाई बाबा. पर तुझी माय दोन दिस भाकरी करायची इसरली, तेवढे हाईत." मग म्हणला सीईटीचा निकाल यायचाय, डाक्टरकीचं त्याच्यावर हाय.

म्हणून लिहून राहिलो. निकाल काय लागला तेवढं कळव. बाकी काही लिहिलं न्हाईस तरी चालंल.

मी कसा हाय ते इचारणार न्हाईस, तरी सांगतो. आमची गाडी एका गावी टिकत न्हाई. ड्रिलर तमिळ, बाकीचे तेलगू, मी एकटा आपल्याकडचा. माझं काम रॉड जोडायचं. एक रॉड जमिनीत गेला की दुसरा चढवायचा. मशीन सुरू झालं की पायाखालची जमीन हलती. पयल्या दिवशी मी गाडीवरून उडी टाकून शेताच्या बांधापलीकडं पळालो होतो. सगळे हसले. मी त्यांला किल्लारीचं सांगितलं न्हाई. म्हणलं, इंचू होता. आता सवय झाली. मला तसं बी एका जागी बसवत न्हाई हे तुला ठाव हाय.

राग गेलाय असं समजू नको. दोन वर्षांखाली लातूरला त्या क्लासच्या हाफिसात काय झालं ते मी इसरलो न्हाई. बाहेर पाटी होती, भूकंपात आईवडील गमावलेल्या मुलांना क्लास आणि होस्टेल मोफत. आपला बाप गेला, आजी गेली. माय हाय, आपली अव्वा. अर्धंच घर गेलेल्यांसाठी पाटी नव्हती. खिडकीतल्या माणसानं इचारलं, "घरी कोण?" तू म्हणलीस, "कोणी न्हाई." अन् अव्वाकडं बोट करून म्हणलीस, "ही मावशी."

नंदे, ढिगाऱ्यातून तुला उकरताना अव्वाच्या उजव्या अंगठ्याचं नख गेलं ते परत आलं न्हाई. त्याच अंगठ्यानं तिनं त्या कागदावर शाई लावली, मावशी म्हणून. मी तवाच निघालो. अव्वाचा अपमान मला बघवला न्हाई, दुसरं काही नव्हतं.

पत्ता पाकिटाच्या मागं मालकाच्या हुबळीच्या हाफिसचा देतो. डिझेल घेऊन येणाऱ्याबरोबर टपाल येतं. उशिरा येतं, पण येतं.

शरणप्पा


कल्याणदुर्ग, जि. अनंतपूर
रविवार, ३० जून

नंदे,

एकशे एकाहत्तर!

डिझेलवाल्यानं पत्र दिलं तवा आमी एका माळावर होतो, अन् पाणी लागत नव्हतं. नुसती पांढरी भुकटी उडून राहिली होती. मी पाकीट तिथंच फोडलं. दोनशेत एकशे एकाहत्तर म्हणजी काय ते कोणालाच कळंना, तर मी ड्रिलरला म्हणलं, समज दोनशे फुटाचा बोअर हाय अन् एकशे एकाहत्तरला पाणी लागलं. तो म्हणला, मग पंप टाका. आता सगळी गाडी तुला पंप म्हणती. वाईट वाटून घेऊ नको, इथं यापेक्षा मोठी पदवी न्हाई.

तू होस्टेलच्या पायरीचं लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. निकाल लागला की ज्या पोरीचं झालं तिनं वरच्या पायरीवर उभं राहायचं अन् सगळी हजेरी द्यायची: नाव, गाव, दहावी, बारावी, सीईटी, कोणतं कॉलेज मिळंल, अन् घरी कोण. खाली बसलेल्या नव्या पोरी ऐकतात अन् मनात हिशोब घालतात की हिच्या घरी कोणी शिकलेलं न्हाई तरी हिला जमलं, मग मला जमंल. रीत चांगली हाय. तुमची ती उदगीरची कहकशां एकशे अठ्ठेचाळीसवर बी पायरी चढली अन् म्हणली, "घर में अब्बा, अम्मी, तीन बहनां और एक शिलाई मशीन. मेडिकल नै मिलता, अगले साल फिर इसीच पायरी पे." हे वाचून मी मोठ्यानं हसलो. ती पोरगी पुढं जाणार.

पण तू तुझं काय सांगितलंस ते एका ओळीत उरकलंस. "घरी मावशी, असं म्हणले." अन् पुढं शाई फुटलीय.

आता तुमच्या क्लासच्या सरांचं. रेणुकादास सर चांगले हाईत असं तू लिहितीस, असतील. वह्या दिल्या, तापात डाक्टर आणला, दोन वर्षं शिकवलं, मला मान्य हाय. पण त्यांला पुस्तिका छापायची हाय अन् त्यात तुझा फोटो पयल्या पानावर पायजे, आपल्या जुन्या येळंबवाडीच्या पडक्या भिंतीपाशी उभी राहून, हे काय हाय? भूकंपात आईवडील गमावलेली कन्या. तू लिहितीस, "अण्णा, काय करू, न्हाई कसं म्हणू?"

न्हाई म्हण.

त्या भिंतीपाशी जाऊ नको. तू लहान होतीस, तुला गणपतीचे लाडू आठवतात अन् मग एकदम तंबू आठवतो. मधलं मला आठवतं. अव्वा कुदळ मागत होती अन् कोणाकडं कुदळ नव्हती, जो तो आपल्या घराच्या ढिगाऱ्यावर होता. ती हातानं दगड काढत होती अन् तुझ्या नावानं नुसत्या शिव्या देत होती. "मुडदे, आवाज दे! भवाने, आवाज दे!" तू आत रडलीस तवा तिनं शिव्या थांबवल्या. तिथं उभी राहून तुला कॅमेऱ्यात बघून हसायचं हाय का? अन् ते गावात आले की पयल्यांदा भेटणार कोण? अव्वाच. ती फोटोवाल्यांला चहा देणार, अन् समोरचा म्हातारा इचारणार, "पार्वते, तुझ्या पोरीचा फोटो व्हय?"

सरांला सांग पावसाचा चिखल हाय, गाडी जात न्हाई. पासपोर्ट फोटो द्या म्हणावं.

एक सांगायचं राहिलं. मागल्या दिवाळीत मी लातूरला आलो होतो. तुमच्या होस्टेलच्या गेटवर गेलो. वॉचमन म्हणला, "कोण पायजे? कोण लागता तुमी?"  मी म्हणलं, "कोणी न्हाई." अन् शेंगांची पिशवी त्याच्या स्टुलावर ठिवून निघालो. त्यानंच खाल्ल्या असतील.

पत्र लिही. न्हाई म्हणलीस का ते लिही.

शरणप्पा


कदिरी, जि. अनंतपूर
रविवार, २१ जुलै

नंदे,

नांदेड! सरकारी मेडिकल! तुझं पत्र यायच्या आधी मला माणिकप्पाच्या फोनवर कळलं, पण तुझ्या पत्रात वाचलं तवाच खरं वाटलं. शेंगा वॉचमननं तुलाच आणून दिल्या होत्या हे बी आत्ता कळलं. पिशवीला वायरची गाठ बघून तू वळखलंस अन् कहकशांनं सगळ्या खाल्ल्या. बरं झालं. अन् फोटोला न्हाई म्हणलीस ते लई बरं झालं.

पण आज लिहितोय ते माझं पत्र न्हाई. मी निरोप्या हाय. निरोप अव्वाचा हाय, तो जसा हाय तसा लिहितो.

परवा फोन केला, ह्या खेपेला अव्वालाच बोलावलं. माणिकप्पानं पोरगं पाठवलं, मी इकडं पैसे टाकत उभा. ती आली, दम लागला होता.

"अव्वा, मी शरण्या."

"कोण शरण्या? माझा एक होता. तो काय फोन-बीन करत न्हाई. तू कोणाचा?"

"तुझाच हाय."

"मग जेवलास का?"

इतकंच. दोन वर्षांचं सगळं तिनं तेवढ्यात संपवलं. मग तिनं नांदेडचं सांगितलं. आवाज फाटला. मी म्हणलं, "रडतीस कामून?"

"रडत न्हाई रे. ह्या माणिकप्पाच्या डबड्यात उभं राहिलं की डोळ्याला घाम येतो. ऐक. चार तारखेला लातूरला सरांचा कार्यक्रम हाय. सगळ्या पोरापोरींचा सत्कार, पालकांला बी शाल. सरांनी सांगितलंय, मावशीला घेऊन ये. अन् तुझी बहीण म्हणती, मी स्टेजवर अव्वाच म्हणणार. तिच्या डोक्यात वारं शिरलंय. तू तिला लिही. मावशीच म्हण म्हणावं."

"मी लिहू? मी?"

"तुझं ऐकती ती. तू तिच्यावर रुसलास तवापासून तुझंच ऐकती."

मी म्हणलं, अव्वा, ह्याच्यासाठीच तर मी घर सोडलं. तर ती म्हणली, "येडा हाईस. गाय मेली की वासरू दुसऱ्या गायीला लावतोत का न्हाई आपण? हितं गाय जिती हाय, एवढाच फरक. वासरू जगलं का न्हाई? त्या सरानं पोरगी शिकवली. त्याला भरल्या मांडवात खोटं पाडायचं व्हय? लोक म्हणतील, ह्याला बायामाणसांनी फसवलं. अन् त्यानं शीट काढून घेतली मग?"

"क्लासवाला सीट कशी काढून घील? सीट सरकारची हाय."

"ज्यानं दिलं त्याला घेता येतंय," अव्वा म्हणली. "भूकंपानं शिकवलंय मला, कायबी घेता येतंय." अन् फोन ठिवून दिला.

तर निरोप असा: स्टेजवर मावशी म्हण. हाफिसात बी तिनंच तुला शिकवलं होतं, हे तिनं मला सांगितलं न्हाई, पण मला आता वाटून राहिलं. बाहेरच्या पाटीपाशी तुमी दोघी लई वेळ कुजबुजत होता. खरं का?

निरोप संपला. आता माझं.

सीटची भीती धरू नको. ड्रिलरचा मेव्हणा वकील हाय अनंतपूरला, त्याला मी इचारून घेतलं. तुझ्या सरकारी कागदांवर अव्वाचंच नाव हाय ना? मग झालं. खोटं फक्त क्लासच्या खिडकीत बोललं गेलं. म्हणजी भीती सीटची न्हाई, लाजेची हाय. सरांची लाज, तुझी लाज. ती किती मोठी हाय ते तुलाच ठाव. सर तोंड फिरवतील. पेपरात येईल. तुझ्या खाली बसलेल्या ज्या पोरींचे खरंच दोन्ही गेलेत, त्या तुझ्याकडं कशा बघतील, ते बी हाय. म्हणून मी तुला हे कर अन् ते कर म्हणणार न्हाई.

अन् एक गोष्ट मी पयल्या पत्रात झाकून ठिवली. अव्वासाठी गेलो असं लिहिलं. अव्वासाठीच गेलो असतो तर अव्वाला सोडून कशाला गेलो असतो?

त्या दिवशी तुझी ट्रंक माझ्या खांद्यावर होती. खिडकीतला माणूस माझ्याकडं बघून म्हणला, "आणि हा?" तू माझ्याकडं बघितलं बी न्हाईस. म्हणलीस, "हा ट्रंक घेऊन आलाय."

मी ट्रंक खाली ठिवली, तू बोट दाखवलंस तिथं. नीट ठिवली, आपटली न्हाई. अन् स्टँडवर गेलो.

तुला दुसरं काय म्हणता आलं असतं, मला ठाव न्हाई. ह्यावर दोन वर्षं रॉड जोडता जोडता इचार करून राहिलो, मला बी सुचलं न्हाई.

शरणप्पा


नांदेड
सोमवार, ५ ऑगस्ट

नंदे,

पत्रावर नांदेड वाचून दचकलीस ना? सगळं सांगतो. काल मी लातूरला होतो. तुझ्या कार्यक्रमात होतो.

कदिरीला आमचा हातोडा बोअरात अडकला. हातोडा म्हणजी रॉडच्या टोकाला दगड फोडायचं असतं ते. तो खाली अडकला की काम बंद, मालक येईपर्यंत कोणी काही करू शकत न्हाई. सगळे झाडाखाली आडवे झाले. मला बसवेना. मी बस धरली. बल्लारी, रायचूर, गुलबर्गा, जिथं जी मिळाली ती. कपडे बदलायचं सुचलंच न्हाई.

मंगल कार्यालयाच्या कमानीवर आदल्या दिवशीचा "शुभविवाह" तसाच होता अन् त्याच्याखाली तुमचा बॅनर. मला वाटलं चुकलो. मग कहकशांचा आवाज ऐकू आला. मी तिला कधी बघितलं न्हाई, पण तीच होती, एका पोराला सांगून राहिली होती, "भाई, ये लाइन लड़कियों की है, तू तेरी रैंक उधर लेके जा."

मी मागं, मांडववाल्यांच्या खुर्च्यांच्या थप्पीपाशी उभा राहिलो. प्रत्येक खुर्चीवर पुस्तिका होती. मी एक घेतली. तुझं पान पयलंच हाय, पासपोर्ट फोटो हाय, अन् खाली छापलंय: भूकंपात आईवडील गमावूनही न खचलेली. मी डोकं वर केलं तर गमावलेली आई चौथ्या रांगेत बसली होती, हिरव्या लुगड्यात, अन् शेजारणीला धपाट्याचं पीठ कसं भिजवायचं ते सांगत होती.

तू स्टेजवर होतीस, म्हणून तुला जे दिसलं नसंल ते लिहितो.

पोरं एकेक करून मायकवर येत होती अन् तुमच्या पायरीसारखीच हजेरी देत होती. हदगावच्या पोराचा बाप एसटीत कंडक्टर, तो स्टेजवर बी सगळ्यांला "पुढं सरका, पुढं सरका" करून राहिला. लोक हसत होते. अव्वा हसत नव्हती. ती तुझ्याकडं बघून हळूच मान हलवत होती, न्हाई, न्हाई. तुझं नाव पुकारलं तवा तिनं दोन्ही हात पदरात घेतले.

सर म्हणले, "आणि सोबत तिच्या मावशी, पार्वतीबाई. यांना आपल्या वसतिगृहात ओळखत नाही अशी मुलगी नसेल." अन् मागून सगळ्या पोरी वरडल्या, "मावशी! मावशी!" कहकशां खुर्चीवर उभी राहिली. "अगे मावशी, चढो ना ऊपर!" अव्वानं स्टेजच्या पायरीखाली चपला काढल्या, देवळात काढावं तसं. 

तू मायक धरलास. "महानंदा शिवलिंग बिराजदार. गाव येळंबवाडी, तालुका औसा." दहावी म्हणलीस, बारावी म्हणलीस. "सीईटी एकशे एकाहत्तर. नांदेड सरकारी मेडिकल." अन् थांबलीस.

 एक मांडववाला म्हणला, "इसरली जणू."

"वडील भूकंपात गेले," तू म्हणलीस. मार्क सांगत होतीस त्याच आवाजात. "घरी अव्वा हाय. पार्वतीबाई. ही. मावशी म्हणून आमी सांगितलं, ते खरं न्हाई. अन् भाऊ हाय. शरणप्पा. बोअरच्या गाडीवर."

मला वाटलं होतं तू हे बोललीस तर मांडव पडंल. पडला न्हाई.  अन् तेवढ्यात अव्वानं तुझ्या हातचा मायक हिसकला! नंदे, मी ते मरंपर्यंत इसरणार न्हाई.

"न्हाई वो, न्हाई! मावशीच हाय मी! पोरीला आनंदानं सुधरंना झालंय. सर, तुमी मनावर घिऊ नका. हिच्या आईची धाकटी बहीण हाय मी, सख्खी..."

"अव्वा, गप की."

"तू गप! भवाने, मावशी म्हण! म्हण मावशी!"

भरल्या कार्यालयात, मायकवर. त्या "भवाने"नंतर कोणाला काही सांगायची गरजच राहिली न्हाई. माझ्या शेजारचा मांडववाला म्हणला, "ही आईच हाय राव. मावशी असं बोलतच न्हाई." पयल्यांदा कहकशां हसली, मग पोरी, मग ज्यांच्या आया शेजारी बसल्या होत्या ते सगळे. सगळ्याच हसल्या न्हाईत. तिसऱ्या रांगेतल्या दोघी पोरी खाली बघत होत्या. तू त्यांला भेट. मी सांगायची गरज न्हाई, पण भेट.

अन् सर. मी त्यांच्या तोंडाकडंच बघून राहिलो होतो. लाल झालं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हातातल्या पुस्तिकेकडं बघितलं. मला वाटलं आता फेकतील. तर ते मायकपाशी आले अन् म्हणले, "पार्वतीबाई, शाल एकच आणली आहे. आई घेते की मावशी, ते दोघींनी ठरवा."

अव्वा काहीतरी म्हणली. ते मायकमधी आलं न्हाई. तू शेजारी होतीस, काय म्हणली ते मला लिही. मला दिसलं एवढंच की सरांनी शाल घातली अन् अव्वानं ती तुझ्या बी खांद्यावर ओढली.

मी पुढं का आलो न्हाई ते इचारशील. अंगावर दगडाची भुकटी होती, पायात गमबूट होते. म्हणलं, वर गेलो अन् अव्वानं मायकवर सांगितलं की ह्याला बी मी वळखत न्हाई, मग? हे गमतीनं लिहितोय. खरं म्हणजी "शरणप्पा" ऐकलं, तेवढंच मला पुरलं. मांडववाला म्हणला, "बोअरवाल्याची बहीण दिसती." मी म्हणलं, "हाव." अन् बाहेर आलो. थोडा वेळ रस्त्यावर नुसता चाललो. मग नांदेडची गाडी लागलेली दिसली, लोह्यावरून जाणारी, तिच्यात बसलो. म्हणलं, बघून तर येऊ, पंप कुठं बसवायचाय ते.

सरांनी नंतर काय म्हणलं ते कळव. रागात असले तर असू दे, त्यांचा हक हाय. त्यांच्या दाराशी अव्वाला घिऊन जा, एकदा तिला तिच्या तोंडानं बोलू दे. अन् सांग म्हणावं, शेतात बोअर मारायचा असंल तर आमचा माणूस हाय. निघताना मी अजून एक पुस्तिका उचलली. एक ह्या पाकिटात घालतो, अव्वाला वाचून दाखव. ती ह्यात मेलेली हाय. गावभर दाखवत हिंडंल बघ.

आता कॉलेजचं. वजिराबादेत हाय. आज सकाळी गेलो. गेटातून पांढरे कोट घातलेली पोरं-पोरी येत-जात होती, कोणी वडापाव खात, कोणी झोपेत. तुझ्याच वयाचे हाईत सगळे. भिऊ नको. मी कितीतरी वेळ बघत उभा होतो, तर वॉचमन आला. म्हातारा हाय, उमरीकडचा.

"कोण पायजे?"

"अजून आली न्हाई," मी म्हणलं. "येणार हाय. एमबीबीएसला."

"कोण लागती तुझी?"

मी सांगितलं. नंदे, एवढा साधा सवाल होता. तो म्हणला, "मग तवा ये की लेका, आत्ताच गेट अडवून कामून उभा हाईस?" अन् त्यानं मला आपल्या स्टुलावर बसवून चहा पाजला. तिथंच बसून हे लिहितोय.

पयल्या पत्राच्या वर जागा सोडली होती. तिथं आता आशीर्वाद लिहून घे, मोठ्या अक्षरात.

कॉलेज कधी सुरू ते हुबळीच्या पत्त्यावर कळव. इथल्या होस्टेलात इचारतील, भेटायला कोण कोण येणार. दोन नावं सांग. अन् ट्रंकेला हात लावू नको. ती मी घिऊन येणार हाय. कोणी इचारलं, "आणि हा?" तर घाई करू नको. मी ट्रंक खाली ठिवतो, मग सांग.

तुझा
अण्णा